जात्यावरची जनाबाई रंगवताना: आधी जातं, शेवटी चेहरा

जनाबाई आणि तिच्यासोबत दळणारा विठ्ठल हे चित्र अनेकांना काढावंसं वाटतं, आणि बहुतेकांचं ते एकाच ठिकाणी फसतं. सुरुवात चेहऱ्यापासून होते. चेहरा छान उतरतो, मग साडी, मग दागिने, आणि उरलेल्या जागेत जातं कोंबलं जातं. खुंटा मधोमध उगवतो, हात त्याला नुसता टेकलेला दिसतो, पीठ वरून सांडल्यासारखं दिसतं. अशा चित्रात दळण होतच नाही. जनीची भक्ती दळण्याकांडण्यातून वेगळी काढता येत नाही, त्यामुळे दळण खोटं ठरलं की चित्रातला भावही खोटा वाटतो.

म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: जातं, खुंटा, मूठ, खांदा, बैठक, डोकं आणि सगळ्यात शेवटी चेहरा. माध्यम जलरंग, कागद १५ × २२ इंच आडवा. पुढची सगळी मापं याच आकारासाठी आहेत. कागद लहान घेतलात तर सगळी मापं त्याच प्रमाणात कमी करा.

## टप्पा १: साहित्य आणि कागदाची तयारी

कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत पृष्ठभागाचा), शक्यतो शंभर टक्के कॉटन घ्या. या चित्रात अंधाऱ्या भिंतीवर रंगाचे तीन-चार थर चढतात. साध्या लगद्याच्या कागदावर दुसऱ्या थरालाच खालचा रंग सुटून वर येतो आणि गढूळ होतो.

रंग मोजकेच लागतात: यलो ओकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, लाइट रेड, अल्ट्रामरीन ब्लू, क्विनाक्रिडोन रोझ आणि पितांबरासाठी एखादा उबदार पिवळा. अलिझरिन क्रिमझन टाळा, उजेडात तो उडतो. काळ्या रंगाची ट्यूब पॅलेटवर काढूच नका. कारण सातव्या टप्प्यात येईल.

ब्रश तीन पुरतात: एक दीड इंची चपटा, एक ८ किंवा १० नंबरचा गोल, एक ३ नंबरचा. शिवाय मास्किंग फ्लुइड (कागद पांढरा राखायला तात्पुरता लावायचा, नंतर चोळून काढायचा द्रव) लावायला एक जुना, टाकाऊ ब्रश.

कागद ८ ते १० मिनिटं स्वच्छ पाण्यात बुडवा, उचलून पाणी निथळू द्या, लाकडी बोर्डवर सपाट पसरा आणि चारही बाजूंनी गोंदाच्या तपकिरी कागदी पट्टीनं चिकटवा. बोर्ड आडवाच ठेवून रात्रभर वाळवा. पावसाळ्यात दोन दिवस लागू शकतात.

तपासणी: तळहाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत ओल आहे, थांबा.

## टप्पा २: संदर्भफोटो

मनातून काढू नका. एका माणसाला जमिनीवर बसवा. जातं मिळालं तर उत्तमच. जुन्या घरात, माळ्यावर किंवा परसात ते बरेचदा पडून असतं. नाहीच मिळालं तर परात पालथी घाला, काठाजवळ लाटणं उभं धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी ते लाटणं समोरून घट्ट रोखून धरायला सांगा. बसलेल्या माणसानं ते जोर लावून ढकलायचं. रोध नसेल तर खांदा ताणला जात नाही, आणि फोटोतला सैल खांदा जसाच्या तसा चित्रात उतरतो.

फोन बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण ६ फुटांवर ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत पुढचा गुडघा डोक्याएवढा मोठा येतो आणि जात्याचं वर्तुळ जवळच्या बाजूला फुगतं. झूम वापरा, पण जवळ जाऊ नका.

तीन फोटो हवेत: खुंटा दळणारीच्या जवळ असताना, बाजूला असताना, आणि तिच्यापासून सगळ्यात लांब असताना. तिन्हींत पाठ कशी बदलते ते नीट पाहा. खुंटा जवळ आला की कोपर दुमडतं आणि पाठ मागे जाते. तो लांब गेला की हात सरळ होतो आणि कमरेपासून सगळं धड पुढे झुकतं. जनीसाठी आपण हीच लांबची स्थिती घेणार आहोत.

## टप्पा ३: जातं

आरेखन जलरंगाच्या कागदावर करायचं नाही. त्याच मापाच्या साध्या कागदावर करा, नंतर उतरवून घेऊ. जलरंगाच्या कागदावर खोडरबर घासलं की वरचा थर उखडतो आणि तिथे रंग डाग धरतो.

जात्याचा व्यास साधारण सव्वा ते दीड फूट असतो. बसलेल्या बाईची जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची त्याच्या दुप्पट धरा. आपल्या कागदावर जनीची बसलेली उंची ९ इंच, म्हणून जातं साडेचार इंच रुंद. पाहणारा समोर जमिनीवर बसला आहे असं धरलं तर जात्याचा वरचा पृष्ठभाग लंबवर्तुळ दिसेल आणि त्याची उंची रुंदीच्या एक तृतीयांश, म्हणजे दीड इंच असेल.

1. कागदाच्या मध्यावर, खालच्या तिसऱ्या भागात साडेचार इंचाची आडवी रेष काढा. तिच्या मध्यातून दीड इंचाची उभी रेष.
2. या चार टोकांना धरून लंबवर्तुळ काढा. डावं-उजवं टोक गोलाईनंच वळलं पाहिजे. तिथे पानासारखं टोक आलं तर दगड पत्र्याचा वाटतो.
3. त्याखाली साधारण पाऊण इंच वरच्या तळीची (जात्याच्या वरच्या दगडाची) जाडी, आणि तेवढीच खालच्या तळीची.
4. खालची वळणं वरच्यापेक्षा किंचित जास्त फुगीर. नजरेपासून जितकं खाली जाऊ तितकं वर्तुळ अधिक उघडं दिसतं. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या ड्रॉइंगला हेच शिकवलेलं असतं, पण जातं काढताना विसरायला होतं.
5. मधलं तोंड: वरच्या लंबवर्तुळाच्या मध्यावर छोटं लंबवर्तुळ, पाऊण इंच रुंद. त्याच्या पुढच्या कडेला थोडी आतली जाडी दाखवा.

दोन तळ्यांमधली फट म्हणजे एक गडद, किंचित वेडीवाकडी रेष. ती पट्टीनं ओढल्यासारखी एकसारखी नको, कारण पीठ तिथूनच बाहेर पडतं आणि जागोजाग ती भरलेली असते. टाकीचे (छिन्नीचे) घाव दळायच्या आतल्या बाजूला असतात. वरच्या पृष्ठभागावर ते रेखीव ओळींत काढायची चूक करू नका. वरून दगड हातांनी आणि वापरानं गुळगुळीत झालेला असतो.

सावधान: पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचं म्हणून जातं दाखवतात. तिथे दर्शनासाठी ठेवलेलं जातं आणि चित्रातलं चालू जातं यांत फरक हवा. हार, हळदकुंकू, फुलं दगडावर नकोत. दळताना ती तिथे टिकणारच नाहीत.

## टप्पा ४: खुंटा आणि मूठ

या टप्प्याला सगळ्यात जास्त वेळ द्या.

खुंटा वरच्या तळीत, काठाजवळ उभा ठोकलेला असतो. मधोमध कधीच नसतो, कारण तिथे दाणे घालायचं तोंड असतं. वर्तुळ वरून घड्याळासारखं पाहा, पाहणारा सहाच्या बाजूला. जनी नऊच्या बाजूला बसली आहे, विठ्ठल तीनच्या बाजूला. खुंटा चारच्या जागी, काठापासून थोडा आत. उंची अडीच इंच, म्हणजे प्रत्यक्षात वीतभर. खुंटा एकच. दोघे दळताना एकाच खुंट्याला हात घालतात. दोन खुंट्यांची चित्रंही दिसतात, पण दोन माणसांच्या दळणाला दोन खुंटे लागत नाहीत.

जनी डावीकडे बसून उजवीकडे तोंड करून आहे, त्यामुळे तिचा उजवा हात पाहणाऱ्याच्या बाजूला येतो. हाच हात खुंट्यावर, वरच्या बाजूला. तिच्या मुठीखाली विठ्ठलाचा उजवा हात. दोन मुठींची मिळून उंची जवळपास दोन इंच होते, म्हणजे खुंट्याचं वरचं टोक थोडंसंच दिसतं.

मूठ आवळलेली काढू नका. जातं फिरतं तसा खुंटा मुठीच्या आत फिरत असतो, त्यामुळे पकड भरलेली पण सुटी असते: चार बोटं खुंट्याभोवती, अंगठा त्यांच्यावर, मनगट सरळ. मनगट मागे किंवा पुढे मोडलं की त्या हातात जोर उरत नाही. कोपर ते मुठीच्या पहिल्या सांध्यांपर्यंत एकच सरळ ओघ ठेवा. कोपर पूर्ण ताठ नको, जरासा बाक हवा.

जनीचा डावा हात वैरण, म्हणजे जात्यात दळायचे दाणे घालतो. हा हात जात्याच्या तोंडापाशी, उजव्या हाताखालच्या मोकळ्या जागेतून दिसतो. बोटं खाली, मूठ अर्धी उघडी, आणि त्यातून पाच-सहा दाणे सुटताना. ओंजळभर धान्य एकदम ओतलं तर पीठ भरड येतं. दळणाऱ्या बाईचा हात तेवढा सैल कधी सुटत नाही.

विठ्ठलाचा डावा हात पाहणाऱ्याच्या बाजूला येतो. तो कमरेवर ठेवा. विटेवरच्या मूर्तीची ओळख एवढ्या एका हातानं पटते आणि मग बाकीची चिन्हं गर्दीनं भरावी लागत नाहीत.

तपासणी: चित्रातले दोन्ही चेहरे कागदानं झाका. फक्त हात आणि जातं पाहून दगड जड वाटतो का? वाटत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ५: बैठक, पाठ, डोकं

जनीची कंबर जात्याच्या मध्यापासून सुमारे सव्वासहा इंच डावीकडे. तिथून धड पुढे झुकलेलं, उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश. हा झोक कमरेतून यायला हवा. नुसती मान पुढे काढली तर बाई जात्यात डोकावते आहे असं दिसतं. नाकापासून सरळ खाली ओळंबा सोडला तर तो जात्याच्या डाव्या काठाजवळ पडला पाहिजे. उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आणि पुढे. मान आणि खांदा यांच्यामधली शीर ताणलेली.

पाय: पाहणाऱ्याच्या बाजूचा उजवा पाय दुमडलेला, डावा पाय जात्याच्या पलीकडून पसरलेला. पलीकडचं पाऊल जात्यामागे, एकच्या जागी थोडं डोकावलं पाहिजे. ते दाखवायचं राहिलं तर बाईला एकच पाय आहे असं वाटतं.

विठ्ठलाला साधी मांडी. खुंटा त्याच्या बाजूला आला असल्यानं त्याचं कोपर दुमडलेलं आणि पाठ जवळपास सरळ. मुकुटासाठी डोक्यावर दोन इंच जागा सोडा. मुकुट उंच आणि घडीव, मोरपीस नको. कानांत मकरकुंडलं, गळ्यात तुळशीची माळ. पदक आणि शेला अंगावर न दाखवता मागे भिंतीच्या खुंटीला टांगले तर जाणकाराला विठ्ठल आपलं पदक जनीकडे विसरला ती कथा लगेच आठवते. जमिनीवर जनीची वाकळ घडी करून ठेवली तरी पुरेसं.

### कपडे

जनी नामदेवांच्या घरची दासी. पैठणी, जरीचे काठ, नथ, ठुशी यांपैकी काहीही तिच्या अंगावर नको. जाडं सुती लुगडं, कासोट्याचं, पदर डोक्यावरून घेतलेला आणि कामात आड येऊ नये म्हणून कमरेला खोचलेला. तिच्या लग्नाची कथा परंपरेत नाही, त्यामुळे मंगळसूत्रही नको. गळ्यात तुळशीची माळ, कपाळी बुक्का, बस.

चुण्या तीन ठिकाणांहून निघतात: पुढे गेलेला उजवा खांदा, खोचलेली कंबर आणि दुमडलेला गुडघा. या तीन बिंदूंमध्ये कापड ताणलेलं, बाकी ठिकाणी लोंबतं. सगळीकडे सारख्या अंतरानं चुण्या ओढणं ही फार जुनी सवय आहे, ती इथे मोडा.

## टप्पा ६: आरेखन उतरवणं आणि पांढरं राखणं

साध्या कागदाच्या मागून २बी पेन्सिल घासा, जलरंगाच्या कागदावर ठेवा आणि बोथट टोकानं रेषा गिरवा. हात हलका. खोल दाबलेल्या रेषेत रंग साचतो. चेहऱ्यांच्या फक्त बाह्यरेषा आणि डोळ्यांची जागा उतरवा.

आता पीठ. ते पांढऱ्या रंगानं शेवटी लावायचं नसतं, कागदच पांढरा राखायचा असतो. वरून लावलेलं पांढरं कापसासारखं दिसतं. पीठ दोन तळ्यांच्या फटीतून सगळ्या बाजूंनी पडतं, त्यामुळे खाली पसरलेल्या फडक्यावर जात्याभोवती त्याचा सखल बांध तयार होतो, कुठे जाड, कुठे पातळ. एका बाजूला ढीग रचू नका. या बांधाची दगडाकडची कड, दिव्याची ज्योत आणि सुटणारे दाणे एवढ्यावरच मास्किंग फ्लुइड लावा. ब्रश आधी साबणात बुडवून घ्या, नाहीतर तो वाया जातो.

सावधान: मास्किंग फ्लुइड ओल्या कागदावर लावू नका आणि हेअर ड्रायरनं तापवू नका. एक-दोन दिवसांत काढून टाका. उन्हाळ्यात जास्त वेळ राहिलं तर कागदाच्या पापुद्र्यासकट निघतं.

## टप्पा ७: रंग

आधी उजेड ठरवा. वेळ पहाटेची. मागच्या भिंतीत, दोघांच्या मध्ये पण विठ्ठलाकडे सरकलेला कोनाडा, त्यात तेलाचा एकच दिवा. यातून तीन गोष्टी आपोआप ठरतात: जनीचा चेहरा समोरून उजळतो, दोघांच्या सावल्या पाहणाऱ्याच्या दिशेनं पडतात, आणि जात्याची पुढची बाजू अंधारात जाते.

पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पसरट थर. यलो ओकरमध्ये किंचित बर्न्ट सिएना, खूप पाणी. सगळ्या कागदावर एकदाच. पिठाचा पलीकडचा भाग आणि दिव्याभोवतीचा थोडा भाग कोरडा सोडा. पूर्ण वाळू द्या.

भिंत. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, कागद ओला करून. जनीच्या मागे गडद, दिव्याकडे येता येता फिकट. त्यामुळे विठ्ठलाच्या मागची भिंत उजळ राहते आणि त्याचा सावळा देह तिच्यावर उठून दिसतो. दोन्हीकडे भिंत सारखी गडद ठेवली तर विठ्ठल तिच्यात विरून जातो. मग माणूस त्याच्याभोवती पिवळी रेघ ओढतो, आणि ती शेवटपर्यंत खटकत राहते.

विठ्ठल. ट्यूबमधला काळा रंग वाळला की मेलेला दिसतो, त्यात देहाचा गोलवा राहत नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर सम प्रमाणात, त्यात थोडा रोझ. पहिला थर मध्यम, दुसरा गडद. दिव्याकडची कड, म्हणजे कपाळ, नाक, दंडाचा वरचा भाग, पहिल्या थरावरच सोडून द्या. निळेपणा वाढला तर तो बासरीवाला कृष्ण वाटू लागतो. तसं झालं तर अंबर वाढवा.

जनी. त्वचेला लाइट रेड आणि यलो ओकरचा पातळ थर, सावलीत बर्न्ट सिएनात अल्ट्रामरीन. उन्हातान्हात राबणाऱ्या बाईला गुलाबी रंग देऊ नका. लुगडं विटकं तांबडं: लाइट रेड, अंबरनं मळवलेला. तिच्या लुगड्याचा तांबडा आणि विठ्ठलाचा पितांबर यांत पितांबरच जास्त चमकला पाहिजे. लुगडं भडक झालंच तर वाळल्यावर त्यावर पातळ अल्ट्रामरीनचा एक हात फिरवा.

दगड. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर, इथे अल्ट्रामरीन जास्त. हा निळा रंग कागदाच्या खाचांत दाणेदार बसतो आणि दगडाचा पोत स्वतःच देतो. वॉश घातल्यावर बोर्ड आडवा ठेवा आणि ब्रश परत लावू नका. वाळल्यावर पुढच्या कडेवर कोरड्या ब्रशनं दोन-तीन फटकारे, एवढंच.

पीठ. सगळं वाळल्यावर मास्किंग बोटानं हळू चोळून काढा. आता कडा फार धारदार दिसतील. ओल्या ब्रशनं बाहेरच्या कडा मऊ करा, दगडाला लागलेली कड तशीच ठेवा. पुढच्या बाजूचं पीठ सावलीत आहे, तिथे अगदी पातळ निळसर राखाडी. निव्वळ पांढरा कागद फक्त दिव्याच्या बाजूला. जनीच्या मनगटावर आणि पुढच्या हातावर ओल्या ब्रशनं थोडा रंग उचलून घ्या. पिठानं माखलेला हात त्यानंच दिसतो.

तपासणी: चित्र उलटं करून ६ फुटांवरून पाहा. सगळ्यात उजळ तीनच जागा हव्यात: ज्योत, पलीकडचं पीठ, जनीचं कपाळ.

## टप्पा ८: चेहरा

आता चेहऱ्याला सगळा आधार मिळालेला आहे, त्यामुळे काम थोडंच उरतं. जनी ओवी गाते आहे, म्हणून ओठांत तांदळाच्या दाण्याएवढी फट. दात नकोत. भुवया सैल, पापण्या खाली.

नजर कुठे आहे यावर सगळं चित्र ठरतं. जनीची नजर जात्याच्या तोंडावर ठेवा, विठ्ठलाकडे नको. तिनं त्याच्याकडे पाहिलं की दोघांचं जोडपं होतं. ती कामात आहे आणि तो तिच्याकडे पाहतो आहे, एवढ्यावर थांबलं पाहिजे. विठ्ठलाची बुबुळं त्यासाठी किंचित डावीकडे, ओठ मिटलेले. डोक्यामागे प्रभामंडळ नको. दिवा आहे ना, तोच पुरे.

अश्रू, उघडे हात, आकाशाकडे वळलेले डोळे हे सगळं टाळा. दळताना डोळे वर गेले तर बोटं तळीला घासतात.

## टप्पा ९: पट्टी काढणं आणि फ्रेम

चित्र बोर्डवरच पूर्ण एक दिवस ठेवा. नंतर धारदार ब्लेडनं पट्टीच्या आतून कापा: आधी एक लांब बाजू, मग तिच्या समोरची, शेवटी दोन्ही आखूड. लागोपाठच्या दोन बाजू आधी कापल्या तर उरलेल्या ताणानं कोपरा फाटतो.

फ्रेमवाल्याला अॅसिड-फ्री माउंट मागा आणि काच चित्राला टेकणार नाही असं बघा. दमट हवेत टेकलेल्या काचेखाली बुरशी धरते. लॅमिनेशन करू नका, ते नंतर काढता येत नाही. चित्र देवघरात लावणार असाल तर समईच्या आणि उदबत्तीच्या थेट वर नको, कडेच्या भिंतीवर लावा, आणि ती भिंत पावसाळ्यात ओल धरणारी नाही हे आधी पाहून घ्या.